वाद नंतर, आधी तबकडी उजेडात धरा

माझा आणि एका मित्राचा बीटल्सच्या ‘हेल्टर स्केल्टर’ या गाण्यावरून झालेला वाद तीन वर्षं चालला. त्याचं म्हणणं, गाणं विरतं, पुन्हा उसळून वर येतं आणि शेवटी ड्रमर रिंगो स्टार आपल्या बोटांना फोड आल्याचं जिवाच्या आकांताने ओरडतो. माझं म्हणणं, असलं काही नाही, गाणं विरतं आणि संपतं. दोघंही आपापल्या घरी बीटल्सचा तोच पांढऱ्या कव्हरचा, १९६८ सालचा अल्बम ऐकून बोलत होतो. शेवटी एका संध्याकाळी तो आपली प्रत काखोटीला मारून आला आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. त्याची प्रत स्टीरिओ, म्हणजे दोन स्पीकरमधून वेगवेगळा आवाज; माझी मोनो, म्हणजे सगळा आवाज एकच. मोनो मिक्स (सगळे आवाज जुळवून केलेलं रूप) जवळपास एका मिनिटाने लहान आहे आणि त्यात ती आरोळी नाहीच. तीन वर्षं दोघंही बरोबर होतो.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. कुणी ‘त्या अल्बमवर असं आहे’ म्हणालं की आधी विचारतो, ‘कुठल्या प्रतीवर?’ अल्बम एक असतो, पण त्याच्या प्रती देशागणिक, कारखान्यागणिक, कधीकधी आठवड्यागणिक वेगळ्या निघतात. चाहत्यांमधली निम्मी भांडणं इथेच संपण्यासारखी असतात. आपल्या हातातली प्रत नेमकी कुठली, तिच्यात वेगळं काय आहे आणि ते वेगळेपण खरं की सुईचा खेळ, हे कसं ठरवायचं ते खाली सांगतो. उदाहरणं मुख्यतः बीटल्स, लेड झेपेलिन आणि पिंक फ्लॉइडची आहेत, कारण माझं आयुष्य त्यांच्यात गेलं. पद्धत मात्र कुठल्याही बँडला लागू पडते.

साहित्य

फार काही लागत नाही. एक भिंग, एक छोटा टॉर्च, मऊ कापड, वही. टॉर्च मोबाइलचा चालतो. हात धुऊन, कोरडे करून बसा आणि तबकडी कडेने व मधल्या लेबलाला धरून उचला. खाचांना बोट लागलं की बोटाचं तेल तिथे राहतं, त्यावर धूळ बसते आणि पुढे महिनोन्‌महिने कुरकुर ऐकावी लागते.

शेवटचा कोरा पट्टा वाचा

शेवटचं गाणं संपलं की लेबलापर्यंत एक गुळगुळीत, चकाकणारा पट्टा उरतो. इंग्रजीभाषक संग्राहक त्याला डेड वॅक्स म्हणतात, कुणी रनआऊट म्हणतं. सगळी जन्मकुंडली इथे असते. कव्हर बदलता येतं, लेबल चुकीचं चिकटू शकतं, पण हा पट्टा गाण्यांबरोबर त्याच साच्यातून दाबला गेलेला असतो.

तो वाचायची युक्ती अशी. खोलीतला दिवा मंद करा. टॉर्च वरून मारू नका, तबकडीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. आता तबकडी हळूहळू फिरवा. वरून पाहताना जिथे काहीच नव्हतं तिथे अक्षरं सावलीसकट उभी राहतात. काही यंत्राने ठोकलेली, सरळ आणि एकसारखी. काही हाताने कोरलेली, तिरकी, घाईतली. कुठली ठोकलेली आणि कुठली कोरलेली हेही लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. फोटो काढायचा असेल तर फ्लॅश बंद ठेवा आणि असाच आडवा उजेड वापरा.

ही अक्षरं येतात कुठून, ते थोडक्यात सांगतो. स्टुडिओतल्या टेपवरून एका लॅकर तबकडीवर खाचा कापल्या जातात. ही तबकडी म्हणजे अॅल्युमिनियमवर नायट्रोसेल्युलोजचा थर. तिच्यावर चांदीचा फवारा मारून निकेलचा मुलामा चढवतात आणि तो सोलून काढतात. हा उलटा ठसा म्हणजे ‘फादर’. त्यावरून सुलटी ‘मदर’, आणि मदरवरून पुन्हा उलटे ‘स्टॅम्पर’. प्लास्टिकवर दाबला जातो तो स्टॅम्पर. स्टॅम्पर झिजतो, नवा काढतात. मदर झिजते, नवी काढतात. कधी लॅकरच नव्याने कापतात. या प्रत्येक टप्प्याची खूण पट्ट्यावर राहते.

ब्रिटनमधल्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या तबकड्या शिकायला सगळ्यात सोप्या. लेबल घड्याळासारखं समोर धरा. सहाच्या जागी मॅट्रिक्स नंबर असतो, उदाहरणार्थ ‘एक्सईएक्स ६०६-१’. त्यातला शेवटचा आकडा म्हणजे कितव्या वेळी कापलेलं लॅकर. नऊच्या जागी मदरचा क्रमांक. तीनच्या जागी एक-दोन अक्षरं दिसतील, तो स्टॅम्परचा क्रमांक, पण सांकेतिक. त्याची किल्ली आहे ‘ग्रामोफल्टड’ असा काहीसा उच्चार होणारा, ग्रामोफोन लिमिटेडवरून बनवलेला शब्द. त्यातली रोमन अक्षरं क्रमाने जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. जी म्हणजे १, आर म्हणजे २, असं करत टी म्हणजे ९ आणि डी म्हणजे ०. समजा नऊच्या जागी २ आहे आणि तीनच्या जागी ‘जीटी’. मग ही प्रत दुसऱ्या मदरवरून काढलेल्या १९व्या स्टॅम्परने दाबलेली. एकदा सवय लागली की किल्ली बघावीही लागत नाही.

‘एक्सईएक्स ६०६-१’ हे उदाहरण मी सहज घेतलेलं नाही. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या (१९६६) ब्रिटिश मोनो प्रतीच्या दुसऱ्या बाजूचा हा आकडा आहे. अगदी सुरुवातीच्या प्रतींवर ‘टुमॉरो नेव्हर नोज’चा वेगळा मिक्स चुकून गेला होता. लक्षात आल्यावर तो बदलला, बाजू नव्याने कापली आणि शेपटीचा आकडा १ वरून २ झाला. दोन्ही प्रतींचं कव्हर तेच, लेबलही तेच. आधीच्या वर्षीच्या ‘रबर सोल’चीही अशीच कथा. ब्रिटिश मोनोचं -१ कापकाम इतकं जोरकस होतं की त्याला आजही ‘लाउड कट’ म्हणतात.

जोरकस कापकामाची सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र ‘लेड झेपेलिन २’ची (१९६९). अमेरिकेतल्या पहिल्या प्रती रॉबर्ट लडविग यांनी कापल्या आणि पट्ट्यावर ‘आरएल’ अशी आद्याक्षरं टाकली. बास इतका दणदणीत की साध्या रेकॉर्ड प्लेअरची सुई खाचेतून उडू लागली. कंपनी घाबरली आणि आवाज मवाळ करून नव्याने कापून घेतलं. बहुतेकांनी हा अल्बम मवाळ रूपातच ऐकलाय. ‘आरएल’ प्रत मी एकदाच ऐकली आहे, दुसऱ्याच्या घरी. ‘व्होल लोटा लव्ह’ सुरू झालं आणि दोन खोल्या पलीकडचं कपाट थरथरलं. परत येऊन आपली प्रत लावली तेव्हा वाटलं, कुणीतरी स्पीकरवर गोधडी टाकली आहे.

अमेरिकन तबकड्यांवर कारखान्याची खूण शोधा. कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीच्या स्क्रँटन कारखान्याची खूण म्हणजे त्रिकोणात ‘आयएएम’ ही तिथल्या कामगार संघटनेची अक्षरं. लॉस एंजेलिसची खूण चांदणीसारखी. विंचेस्टरची खूण आडव्या पडलेल्या वाइन ग्लाससारखी दिसते, पण ती त्याच नावाच्या बंदुकीवरून आली म्हणतात. एकाच महिन्यात एकाच अल्बमच्या तीन कारखान्यांतल्या प्रती बाजारात असत, आणि त्या ऐकायला हुबेहूब सारख्या असतीलच असं नाही.

मग येतात निव्वळ गंमत म्हणून कोरलेल्या ओळी. या विद्येचा राजा जॉर्ज पेकहॅम, टोपणनाव पोर्की. आधी ‘द फोरमोस्ट’ या बँडमध्ये वाजवायचा, मग खाचा कापायला लागला. त्याच्या हातची तबकडी ‘अ पोर्की प्राइम कट’ या शब्दांनी ओळखू येते. ‘लेड झेपेलिन ३’वर (१९७०) टेरी मॅनिंग यांनी बँडचा गिटारवादक जिमी पेजच्या सांगण्यावरून गूढविद्येवर लिहिणाऱ्या अलिस्टर क्रोलीचं ‘डू व्हॉट दाऊ विल्ट’ कोरलं. जॉय डिव्हिजनच्या ‘अननोन प्लेझर्स’च्या (१९७९) एका बाजूला ‘धिस इज द वे’ आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘स्टेप इनसाइड’. त्यांच्याच ‘स्टिल’ (१९८१) या दुहेरी अल्बमवर पहिल्या बाजूला कोंबडी थांबत नाही असं लिहिलंय, मधल्या दोन बाजूंवर कोंबडीच्या पायांचे ठसे, आणि चौथ्या बाजूला ती थांबते. ‘द स्मिथ्स’ या बँडच्या तबकड्या तर या ओळींसाठीच गोळा करणारे लोक आहेत.

एक सावधगिरी. आकडा लहान म्हणजे आवाज चांगला, हे समीकरण डोक्यात बसवू नका. पहिल्या मदरचा शेवटचा, झिजून गुळगुळीत झालेला स्टॅम्पर आणि चौथ्या मदरचा ताजा स्टॅम्पर यांत मी डोळे मिटून दुसरा घेईन. आकडा ओळख पटवतो, दर्जा कानाने ठरवायचा.

लेबल, पण डोळे उघडे ठेवून

लेबलावरचं साल अल्बमच्या प्रकाशनाचं असतं, तबकडी दाबल्याचं नव्हे. नवखा माणूस इथे हमखास फसतो. १९६३ साल छापलेली तबकडी वीस वर्षांनंतरची असू शकते. साल सोडा, रंग आणि बारीक अक्षरं बघा.

बीटल्सच्या ‘प्लीज प्लीज मी’च्या (१९६३) पहिल्या ब्रिटिश प्रतींवर पार्लोफोन या कंपनीचं काळं-सोनेरी लेबल आहे. थोड्याच दिवसांत काळं-पिवळं आलं आणि १९६९च्या सुमारास काळं-चंदेरी. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या (१९७३) सुरुवातीच्या ब्रिटिश लेबलावरचा त्रिकोण निळ्या रंगाने भरलेला आहे, पुढच्या प्रतींवर त्याची नुसती रेघ उरली. बीटल्सच्या ‘अॅबी रोड’च्या (१९६९) सुरुवातीच्या प्रतींच्या गाण्यांच्या यादीत ‘हर मॅजेस्टी’ नाहीच. तबकडीवर ते आहे, चौदा सेकंदांच्या शांततेनंतर दचकवत येतं.

लेबल खोटंही बोलतं. बॉब डिलनच्या दुसऱ्या अल्बममधून (१९६३) ऐनवेळी चार गाणी काढून दुसरी घातली. नवं लेबल छापून झालं, पण काही तबकड्या जुन्याच स्टॅम्परने दाबल्या गेल्या. लेबलावर नवी गाणी आणि खाचांमध्ये जुनी. लेबल बघून ठेवून दिली तर अमेरिकेतल्या सगळ्यात दुर्मीळ तबकड्यांपैकी एक हातातून गेली म्हणून समजा. म्हणूनच लेबल आणि पट्टा नेहमी एकमेकांशी ताडून बघा.

मला सगळ्यात आवडणारं लेबल ‘द हू’च्या ‘लाइव्ह अॅट लीड्स’चं (१९७०). हाताने लिहिल्यासारखं, आणि त्यावर सूचना अशी की कडकड आवाज येतोय तो ठीक आहे, दुरुस्त करू नका. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्येच खरखर होती आणि ती तबकडीचा दोष समजून कुणी साफ करायला जाऊ नये म्हणून ही खबरदारी.

कव्हर उलगडून, हलवून, वास घेऊन

वास खरंच घ्या. कुबट वास आला तर बुरशी तबकडीवरही असणार.

कव्हर कुठल्या बाजूने उघडतं ते बघा. बीटल्सच्या पांढऱ्या अल्बमच्या पहिल्या ब्रिटिश कव्हरांत तबकड्या वरून सरकवायच्या होत्या. त्यावर अनुक्रमांक छापलेला असे.  पहिल्या क्रमांकाची प्रत रिंगो स्टारकडे होती आणि डिसेंबर २०१५मध्ये लिलावात ७,९०,००० डॉलरला गेली. आपल्याकडची सहा आकडी क्रमांकाची प्रत बघून हुरळू नका. लहान क्रमांकालाच किंमत, बाकीचे लाखोंनी आहेत.

आत काय काय असायला हवं त्याची यादी आधी करा. ‘डार्क साइड’मध्ये दोन पोस्टर आणि दोन स्टिकर होते. सेक्स पिस्टल्सच्या एकमेव स्टुडिओ अल्बमच्या (१९७७) काही सुरुवातीच्या प्रतींत अकराच गाणी होती आणि ‘सबमिशन’ वेगळ्या एकतर्फी सिंगलवर, सोबत पोस्टर. ‘लेड झेपेलिन ३’च्या कव्हरातलं चाक फिरतं का ते बघा, मधला खिळा सैल झाला की ते तिथेच अडकतं. ‘इन थ्रू द आउट डोअर’ची (१९७९) सहा वेगवेगळी कव्हरं होती, एकाच दारूच्या गुत्त्यातला प्रसंग सहा माणसांच्या नजरेतून, आणि वर तपकिरी कागदी पिशवी, म्हणजे आपल्याला कुठलं मिळालं ते घरी गेल्यावरच कळायचं. आतल्या पाकिटावर पाणी लागलं की रंग उमटतात. तुमच्या पाकिटावर आधीच रंग दिसत असतील तर कुण्या कुतूहलवाल्याने ते ओलं करून बघितलंय.

रोलिंग स्टोन्सच्या ‘स्टिकी फिंगर्स’वर (१९७१) खरी झिप आहे. गठ्ठे एकमेकांवर रचले की झिपचा लोखंडी तुकडा शेजारच्या तबकडीत रुते आणि नेमकं ‘सिस्टर मॉर्फिन’ हे गाणं खराब होई. तोड म्हणून झिप अर्धी खाली ओढून माल पाठवायला लागले, म्हणजे टोचलं तरी लेबलावर टोचेल. तेव्हा ही तबकडी घेताना दुसरी बाजू आडव्या उजेडात बघाच. याच अल्बमची स्पॅनिश प्रत पूर्ण वेगळी. फ्रँकोच्या राजवटीतल्या सेन्सॉरने झिपवालं कव्हर नाकारलं, तिथे काकवीच्या डब्यातून बाहेर आलेली बोटं आली. आणि ‘सिस्टर मॉर्फिन’च्या जागी ‘लेट इट रॉक’चं मैफलीतलं रेकॉर्डिंग. स्पेनमधला चाहता आणि इंग्लंडमधला चाहता या अल्बमबद्दल बोलायला बसले तर काय होईल, कल्पना करा.

ऐकताना दोष आणि वैशिष्ट्य वेगळं काढा

ही पायरी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मजेची. काहीतरी विचित्र ऐकू आलं की लगेच ‘दुर्मीळ’ म्हणून उड्या मारू नका. चार शक्यता असतात. मिक्स वेगळा असेल, कापकाम वेगळं असेल, दाबताना बिघाड झाला असेल, किंवा तुमच्या यंत्रातच गडबड असेल. शेवटची शक्यता आधी काढून टाका. तीच जागा दुसऱ्या टर्नटेबलवर ऐका. तिथे आवाज नसेल तर घरी जाऊन सुई बदला.

एक आकडा पाठ करून ठेवा: १.८ सेकंद. ३३ १/३ वेगाने फिरणाऱ्या तबकडीचा एक फेरा एवढ्या वेळात होतो. हा आकडा म्हणजे या धंद्यातला स्टेथोस्कोप आहे. कुठलाही आवाज बरोबर १.८ सेकंदांनी परत येत असेल तर तो तबकडीवरच आहे. टक्‌, टक्‌ असा येत असेल तर आडवा ओरखडा. सूर दर १.८ सेकंदांनी किंचित वर-खाली झुलत असेल तर मधलं भोक केंद्रापासून सरकलेलं आहे. सुईवर नजर ठेवा, आर्म डावीउजवीकडे डोलताना दिसेल. कापड फाडल्यासारखी खर्रर एका स्पीकरमधून येत असेल तर दाबताना प्लास्टिक खाचेच्या एका भिंतीत नीट भरलेलं नाही. ते धुऊन जात नाही, धुवायला वेळ घालवू नका.

याच आकड्याने आगाऊ ऐकू येणाऱ्या प्रतिध्वनीचाही छडा लागतो. गाणं सुरू होण्याआधी त्याची सावली ऐकू येते ना? ती बरोबर १.८ सेकंद आधी येत असेल तर शेजारच्या खाचेची भिंत दबून हे झालंय. अंतर वेगळं असेल तर दोष टेपचा, कारण गुंडाळलेल्या टेपच्या एका वेढ्याचा चुंबकीय ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो. ‘व्होल लोटा लव्ह’मध्ये गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज येण्याआधी त्याचं भूत ऐकू येतं, ते टेपवरचंच. मिक्स करताना ते निघेना, तेव्हा ध्वनिमुद्रक एडी क्रेमर आणि जिमी पेज यांनी त्यावर आणखी घुमारा चढवून ते गाण्याचा भागच करून टाकलं. कुणी आपल्या प्रतीत हा ‘दोष’ आहे म्हणून स्वस्तात विकत असेल तर नक्की घ्या.

बाजूच्या शेवटी आवाज दबतो, ‘स’ आणि ‘श’ फिसफिसतात, हाही प्रश्न नेहमीचा. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते. लेबलाजवळ पोचेपर्यंत ती २१ सेंटीमीटरवर येते. फेरा तेवढाच, पण परीघ लहान. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. म्हणून जुने निर्माते बाजूच्या शेवटी संथ गाणं ठेवायचे, आणि ज्यांनी तिथे दणकेबाज गाणं ठेवलं त्यांच्या प्रतींत फरक जास्त जाणवतो. दोन प्रती ताडायच्या असतील तर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं आधी लावा.

मिक्समधला फरक ओळखायला वेग आणि सूर बघा. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या (१९६७) मोनोमध्ये ‘शीज लीव्हिंग होम’ स्टीरिओपेक्षा वेगात आहे आणि सुमारे अर्ध्या सुराने वर. पेटीवर एक पट्टी धरून दोन्ही ऐकलं की फरक लगेच सापडतो. ‘लुसी इन द स्काय’ उलट मोनोमध्ये संथ आहे, आणि त्यातला आवाज गरगरल्यासारखा येतो. त्या काळात मोनो हाच मुख्य मिक्स समजला जायचा आणि बँड हजर असायचा तो त्यालाच. मी मोनोवाला आहे, हे एव्हाना कळलं असेलच.

सुई अडकली नाही, ती अडकवली आहे

‘सार्जंट पेपर’ची ब्रिटिश प्रत मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा शेवटच्या पियानोनंतर कुणीतरी अगम्य बडबड करायला लागलं आणि थांबेचना. मी धावत जाऊन आर्म उचलला, घाईत सुई आडवी घसटली आणि पट्ट्यावर एक चंद्रकोर उमटली. ती अजून आहे. ती बडबड म्हणजे बंद खाच. खाच आत सरकायच्या ऐवजी स्वतःलाच येऊन मिळते आणि १.८ सेकंदांचा आवाज अनंतकाळ फिरत राहतो. त्याआधी १५ किलोहर्ट्झची शिट्टी आहे, मोठ्या माणसांना बहुधा ऐकू येत नाही, कुत्रे कान टवकारतात. अमेरिकन प्रतीत त्या वेळी यातलं काहीच नव्हतं. आणि आर्म आपोआप उचलणारं यंत्र असेल तर ब्रिटिश प्रतीवरही हे कधी कळणार नाही. तेव्हा हाताने चालणाऱ्या टर्नटेबलवर शेवटपर्यंत बसा.

पिंक फ्लॉइडच्या ‘अॅटम हार्ट मदर’च्या (१९७०) शेवटी नळ ठिबकत राहतो. ‘द हू सेल आउट’च्या (१९६७) ब्रिटिश प्रतीच्या शेवटी कंपनीच्या नावाची जाहिरात फिरत राहते. लू रीडच्या ‘मेटल मशीन म्युझिक’च्या (१९७५) चौथ्या बाजूची वेळ लेबलावर १६:०१ किंवा अनंत अशी दिली आहे. अख्खी बाजू ऐकून तिथवर पोचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

याहून फसवा प्रकार समांतर खाचांचा. एकाच बाजूवर दोन स्वतंत्र खाचा गुंफलेल्या असतात आणि सुई कुठे टेकेल त्यावर काय ऐकू येईल ते ठरतं. जॅक व्हाइटच्या ‘लाझारेटो’वर (२०१४) एका गाण्याची सुरुवातच अशी दोन प्रकारची आहे. शिवाय त्याची एक बाजू आतून बाहेर वाजते, आणि लेबलाच्या कागदाखाली दोन छुपी गाणी आहेत, एक ७८ च्या वेगाने आणि एक ४५ च्या. अशी शंका आली तर सुरुवातीच्या खाचेच्या तोंडाशी सुई चार-पाच वेळा वेगवेगळ्या जागी टेकवून बघा.

नोंद कशी करायची

प्रत्येक प्रतीला वहीत एक पान. त्यावर देश, कंपनी, कॅटलॉग नंबर, मोनो की स्टीरिओ, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यावरचं सगळं अक्षर न्‌ अक्षर, लेबलाचा रंग, कव्हर आणि आतल्या वस्तू. खोडलेले आकडेही उतरवा. खोडलेल्या आकड्यामागे बहुतेक वेळा रद्द झालेलं कापकाम असतं. त्याखाली कानाने टिपलेलं, पण नेमकं. ‘आवाज उबदार’ या शब्दाने समोरच्याला काही कळत नाही. ‘दुसरी बाजू, तिसरं गाणं, दुसऱ्या कडव्याआधी ड्रमचा एक ठोका जास्त’ असं लिहा. ते दुसऱ्याला आपल्या प्रतीवर तपासता येतं. दोन प्रती ताडताना दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा, नाहीतर जी जोरात वाजेल तीच चांगली वाटणार.

विकत घेताना

विक्रेते प्रतीची अवस्था सांगायला वापरतात ती दर्जाची अक्षरं सगळीकडे एकच अर्थ सांगत नाहीत. अमेरिकन पद्धतीतलं व्हीजी (व्हेरी गुड) प्लस साधारण ब्रिटिश पद्धतीतल्या एक्सलंटच्या जवळचं. नुसतं व्हीजी वाचून ‘फार चांगली’ समजलात तर घरी कढईत पापड तळल्यासारखा आवाज येईल. मी एकदा एका विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून मोनो म्हणून घेतलेल्या कव्हरातून स्टीरिओ तबकडी निघाली. पट्ट्याचा फोटो मागितला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. आता फोटोशिवाय घेत नाही, आणि फोटो द्यायला टाळाटाळ झाली की विषय संपला.

शेवटचा सल्ला एका विशिष्ट कव्हराबद्दल, कारण त्यात हौशी लोक हमखास हात पोळून घेतात. १९६६च्या जूनमध्ये कॅपिटलने बीटल्सचा ‘यस्टरडे अँड टुडे’ काढला, कव्हरावर पांढरे अंगरखे, मांसाचे तुकडे आणि तोडलेल्या बाहुल्या. दुकानदार खवळले, माल परत आला, आणि बऱ्याच कव्हरांवर मोठ्या ट्रंकेभोवतीच्या बीटल्सचं साधं चित्र चिकटवून तोच माल पुन्हा बाहेर पडला. तुमच्याकडे हे साधं कव्हर असेल तर चांगल्या उजेडात उजव्या कडेला, मधोमध, पांढऱ्या भागात बघा. खालच्या चित्रातल्या रिंगोच्या काळ्या बनियनचा त्रिकोण कागदातून पुसट दिसला, तर खाली मूळ चित्र आहे. इथे माणसाची बोटं शिवशिवायला लागतात. वाफ, ओला स्पंज, हेअर ड्रायर, सगळे उपाय कुणी ना कुणी सांगेलच. कव्हर बंद करा, प्लास्टिकच्या पाकिटात सरकवा आणि कपाटात ठेवा. सोलायचं काम ज्यांचा हात त्यावर बसलाय त्यांनीच करावं, आणि त्यांच्याही हातून कोपरे फाटतात.